झाकणाआडचा ठिपका

लाल ठिपक्यावर वस्तादांचा भारी राग होता, आणि तो ठिपका त्यांनी अजून एकदाही पाहिला नव्हता. न पाहिलेल्या गोष्टीवर रागावणं फार सोपं असतं.

“कानामागून आली नि तिखट झाली,” शस्त्रखोलीच्या टेबलावर उघडून ठेवलेल्या खोक्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. “बॅटरीवर चालणारा नेम! आणि बॅटरी संपली की काय करायचं? समोरच्याला सांगायचं, थांब बाबा, दुकान उघडं आहे का बघून येतो?”

“वस्ताद, एकदा बघा तरी यातून,” टेबलापलीकडून मिस्त्रीणबाई म्हणाली.

“सगळा जन्म लोखंडी साइटशी संसार केला. आता म्हातारपणी दुसरं लग्न लावू नकोस माझं.”

“मामीला सांगू का हे?”

“सांग. तीसुद्धा लोखंडाच्याच बाजूची आहे.”

एवढं बोलून ते तरातरा निघाले आणि दाराशी ठेवलेल्या तेलाच्या डब्यावर डाव्या गुडघ्याने धडकले. मग अर्थातच डब्याला शिव्या बसल्या, डबा तिथे ठेवणाऱ्याला बसल्या, हल्लीच्या पोरींच्या बेशिस्तीलाही बसल्या. डबा बिचारा कित्येक वर्षं त्याच जागी होता.

धरणाच्या राखणीला असलेल्या पथकाची ही चांदमारी, नेमबाजी शिकायची जागा. बांधाच्या पोटाशी लांबट मैदान, एका टोकाला निशाणं, दुसऱ्या टोकाला पत्र्याची शेड आणि शस्त्रखोली. पथकातल्या झाडून सगळ्या शिपायांना बंदूक धरायला वस्तादांनी शिकवलं होतं, आणि मैदानावर त्यांच्या शिट्टीशिवाय गोळी सोडाच, शिंकसुद्धा सुटत नसे. बंदुका दुरुस्त करायचं काम त्यांच्या सख्ख्या भाचीकडे होतं. तिलाच सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. लहानपणी तिने मामाच्या घरातलं घड्याळ उघडलं, रेडिओ उघडला, मामीच्या शिलाई मशीनचं पोट उघडलं. त्यातलं परत जुळलं फक्त मशीन, कारण मामी लाटणं घेऊन शेजारी उभी होती. एखादी गोष्ट आतून कशी चालते हे कळल्याशिवाय तिला घास गिळत नसे. मामा-भाचीचा एक अलिखित करार होता: मैदानावर “वस्ताद, तुम्ही”, घरी “मामा, तू”. तो करार आजवर मोडला नव्हता.

पथकाच्या साहेबांनी तिला काम दिलं होतं ते असं. जवळच्या अंतरावर झटकन बंदूक उचलून नेम धरायचा झाला, तर जुनी लोखंडी साइट बरी की हा नवा लाल ठिपका? करून बघायचं आणि शनिवारी सगळ्यांसमोर सांगायचं. कचेरी त्याप्रमाणे खरेदी करणार होती.

लोखंडी साइट तिच्या हाताखालून रोज जायची. मागे एक बारीक भोक, पुढे नळीच्या टोकाशी एक उभं बोंड. त्या बोंडाला सगळे माशी म्हणत. भोकातून बघायचं, भोकाच्या मधोमध माशी आणायची, माशीच्या डोक्यावर निशाण ठेवायचं. डोळा एका वेळी एकच गोष्ट स्वच्छ बघतो, त्यामुळे माशी स्वच्छ दिसली की निशाण धूसर. ते धूसर ठेवून नेम धरायचा हीच सगळी विद्या, आणि ती अंगात मुरायला वर्षं लागतात. ठिपक्याचं तसं नव्हतं. बंदुकीच्या पाठीवर बसवायची एक आखूड नळी, दोन्ही तोंडांना काचा, धूळ बसू नये म्हणून दोन्हीकडे उघडझाप करणारी झाकणं, आणि आतल्या काचेत एक लाल ठिपका.

तिने बंदूक शिकंज्यात आवळली आणि ठिपका दाराच्या कडीवर आणला. मग डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, गुडघ्यात वाकून खालून पाहिलं. ठिपका नळीच्या काठाशी सरकत गेला, पण कडीवरून हलला नाही. म्हणजे तो काचेवर नव्हताच! काचेवर असता तर डोक्याबरोबर कडी सोडून गेला असता. ती इतकी खूश झाली की दारात कुणी उभं आहे हे तिला कळलंच नाही.

दारात सुतार होते. निशाणाच्या लाकडी चौकटी, फळ्या, खांब सगळं तेच करत. गेल्या आठवड्यापासून त्यांना मैदानात उतरायला बंदी होती. आज आपली करवत आणि रंधा न्यायला आले होते.

“हे बघा तर खरं,” तिने त्यांना ओढतच आणलं.

सुतारांनी पाहिलं, डोकं हलवलं, पुन्हा पाहिलं. “ओळंबा आहे की हा. आपण कितीही हललो तरी जिथे आहे तिथेच.”

“अगदी!”

“माणसाचं असं असतं तर बरं झालं असतं,” सुतार म्हणाले आणि करवत गोणपाटात गुंडाळू लागले.

बंदी आली होती ती गेल्या आठवड्यातल्या एका प्रसंगावरून. झालं होतं ते असं. चौकट ठोकून सुतार मैदानाच्या डाव्या कडेने, बांधालगत परत येत होते. अजून अर्ध्या वाटेवर होते तेवढ्यात वस्तादांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि “मैदान मोकळं!” असा पुकारा करून शिट्टी फुंकली. डावा डोळा मिटून उजवा साइटला लावलेल्या शिपायांनी पहिल्या गोळ्या सोडल्या. सुतार आडवे झोपले म्हणून वाचले. वस्तादांनी साहेबांना सांगितलं की मी दोन्हीकडे पाहिलं होतं, डावी कड मोकळी होती, हा माणूस निशाणामागून अचानक आला असणार. वस्तादांच्या शब्दापुढे कोण बोलणार? सुतारांना ठेवायचं की काढायचं, याचा निकालही शनिवारीच लागणार होता.

“मी हात वर करून उभा होतो,” सुतार म्हणाले. “आपला नियमच आहे तो. माणूस पुढे असला की हात वर. त्यांची मान फिरली माझ्याकडे. मला वाटलं, बघितलं.”

“वस्ताद डोळ्यांत तेल घालून बघतात हो.”

“मग तेल जास्त झालं असेल त्या दिवशी,” सुतार म्हणाले आणि गोणपाट खांद्यावर टाकून गेले. तिला त्यांचा राग आला. मामा खोटं बोलणार नाही हे तिला ठाऊक होतं. सुतारही खोटं बोलणाऱ्यांतले वाटत नव्हते, पण त्यावर विचार करायचं तिने टाळलं.

बुधवारी तुलना सुरू झाली. जवळच्या अंतरावर रंगवलेल्या लोखंडी ताटल्या खांबांवर टेकवल्या, गोळी लागली की पडणाऱ्या. शिट्टी झाली की बंदूक खालून वर, नेम, आणि ताटली पाडायची. एकदा लोखंडी साइटने, एकदा ठिपक्याने. ठिपक्याच्या वेळी डावा डोळा मिटायचा नाही, दोन्ही उघडे ठेवायचे, असं तिने चारचारदा बजावलं. कारण वस्तादांनी सगळ्यांना शिकवलेलं पहिलं वाक्यच होतं, “डावा मीट!” ती सवय इतकी हाडात गेली होती की काही शिपाई जांभई देतानासुद्धा डावा डोळा मिटत.

गंमत ही की निकाल तिला वाटला होता तितका सरळ लागेना. बहुतेकांना ठिपक्याने लवकर जमलं. नजर ताटलीवर ठेवायची, ठिपका आपोआप तिच्यावर येऊन बसतो. पण लांब वेणीची शिपाईण कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “ठिपका कुठला? मला तर फाटलेली चांदणी दिसतेय, एका अंगाला शेपूट असलेली.” लोखंडी साइटच्या बारीक भोकातून मात्र तिला सगळं लख्ख दिसत होतं. म्हणजे ठिपका तोच, बघणारे डोळे निराळे. मिस्त्रीणबाईने मग ज्याला त्याला विचारायला सुरुवात केली, “तुला काय दिसतं?” आणि तिच्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत नेम चुकल्याबद्दल सगळ्यांनी बोलणी खाल्ली होती, पण हा प्रश्न कुणाला कुणी विचारलाच नव्हता.

वस्तादांनी लोखंडी साइटने सगळ्या ताटल्या अशा पाडल्या की टाळ्या पडल्या. “काय म्हणतो तुमचा ठिपका?” मिशीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं.

तेवढ्यात घाईरावाची पाळी आली. हा गडी चहासुद्धा पेल्यात ओतायच्या आधी पिणारा. शिट्टी अर्धी वाजते न वाजते तोच त्याने ठिपक्याची बंदूक उचलली आणि मधल्या ताटल्या धडाधड पाडल्या. दिवसभरात इतकं झटपट कुणालाच जमलं नव्हतं. बंदूक परत घेताना मिस्त्रीणबाईचं लक्ष नळीच्या पुढच्या तोंडाकडे गेलं, आणि ती जागीच थबकली. पुढचं झाकण बंद होतं.

“अरे, तू झाकण उघडलंच नाहीस!”

“कुठलं झाकण?” घाईराव म्हणाला.

सगळे खो खो हसले. मिस्त्रीणबाई हसली नाही. बंद झाकणातून ताटली दिसणं शक्य नव्हतं, आणि ताटल्या तर पडल्या होत्या. तिने बंदूक पुन्हा पुन्हा रिकामी आहे ना ते तपासलं आणि झाकण बंद ठेवूनच डोळ्याला लावली. आत काळोख, काळोखात लाल ठिपका. आणि तो ठिपका कडेच्या, अजून उभ्या असलेल्या ताटलीवर आरामात बसलेला! तिने डावा डोळा मिटला. ताटली गेली, मैदान गेलं, काळोखात ठिपका तेवढा उरला. डावा उघडला, ताटली परत आली.

“कळलं!” ती ओरडलीच. “उजव्याला नुसता ठिपका दिसतो, डाव्याला नुसती ताटली दिसते. आणि डोकं एकावर एक ठेवून देतं!”

मग काय विचारता! हे बघायला सगळ्यांची झुंबड उडाली. एकेकाने रिकामी बंदूक उचलायची, आधी सवयीने डावा डोळा मिटायचा, “अंधार!” म्हणून ओरडायचं, बाकीच्यांनी “डावा उघड की!” म्हणून ओरडायचं, आणि मग “आयला, दिसला!” एरवी दगडासारखे उभे राहणारे शिपाई शाळेच्या सहलीला आल्यासारखे वागत होते.

“वस्ताद, आता तुम्ही!”

“पोरखेळ,” वस्ताद म्हणाले, पण बंदूक घेतली. भाची त्यांच्या डाव्या हाताला उभी होती. बाकीचे घाईरावाला खांद्यावर घ्यायच्या खटपटीत होते.

“काहीच नाही,” वस्ताद म्हणाले. “नुसता अंधार आणि तुझा ठिपका.”

“डावा उघडा, वस्ताद.”

“उघडाच आहे.”

ती पुढे वाकली. डावा डोळा सताड उघडा होता. पापणीसुद्धा हलत नव्हती.

वस्तादांनी बंदूक खांद्यात आणखी दाबली. मग म्हणाले, “हां हां, दिसला. बसला बघ ठिपका. मधल्या पिवळीवर.”

मधली पिवळी ताटली घाईरावाने पाडली होती. ती अजून मातीतच पडली होती, खांब मोकळा होता.

“मामा,” ती हळूच म्हणाली, “तुला खरंच दिसतंय?”

मैदानावर पहिल्यांदाच तिच्या तोंडून ‘तू’ निघालं होतं. वस्तादांनी बंदूक तिच्या हातात दिली आणि शेडकडे चालू लागले. वाटेत डावीकडच्या बाकाला त्यांचा पाय अडखळला.

संध्याकाळी ती मामाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. मामी मटार सोलत होती. मामा पेपर वाचत होता, म्हणजे पेपरामागे लपला होता.

“मामा, उजव्या डोळ्यावर हात ठेव.”

“कशाला?”

“मला बघायचंय.”

“हिला सगळंच बघायचं असतं,” मामा मामीला म्हणाला. पण पेपर ठेवला, हसत हसत उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर होतं.

हसू हळूहळू मावळलं.

“दिवे गेले का गं?” त्याने विचारलं.

मामीचे हात थांबले. दिवा डोक्यावर लख्ख जळत होता. मामाने तळवा काढला, दिव्याकडे पाहिलं, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. ज्या डोळ्याला आयुष्यभर “मीट” म्हणून सांगितलं, तो कधी कायमचा मिटला हे त्याला कळलंच नव्हतं. उजवा डोळा दोघांचं काम मुकाट्याने करत राहिला होता.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू असल्याचं सांगितलं. दुखत नाही, खुपत नाही, चोरपावलांनी येतो. डावा गेला तो आता परत यायचा नाही. उजव्यातही सुरुवात झाली होती, पण रोज थेंब घातले तर तो टिकेल. “आणखी वर्षभर आला नसतात तर कठीण होतं,” त्या म्हणाल्या. “कसं लक्षात आलं?”

“बंदुकीला झाकण लावलं होतं,” भाची म्हणाली. डॉक्टरीणबाईंना काही उमगलं नाही, आणि ते समजावण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

परतताना रिक्षात मामा एकदाच बोलला. “त्या दिवशी सुतार कुठे उभा होता म्हणत होता?”

“डाव्या कडेला. बांधाशी.”

तो रिक्षातच मान डावीकडे-उजवीकडे फिरवून बघू लागला. त्या दिवशीही मान वळवली होती त्याने, रोजच्यासारखी, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. पण तेवढ्या वळण्यात उजव्या डोळ्याच्या आड नाक येतं. नाकापलीकडे एक जिवंत माणूस हात वर करून उभा होता.

घरी आल्यावर मामीने भाचीला मोरीपाशी गाठलं. “शनिवार जाऊ दे. मग सांगू या साहेबांना.”

“शनिवारी सुतारांना काढतील, मामी.”

“त्याच्या हातात कला आहे, कुठेही चार पैसे मिळवेल. ह्यांना त्या मैदानावाचून काय येतं? शिट्टी काढून घेतली तर हा माणूस घरात बसून झुरेल गं.” मामीचे डोळे भरले होते. ती वाईट बाई नव्हती. आपला तो बाब्या, एवढंच.

भाचीला रात्रभर झोप लागली नाही. आपण ते झाकण पाहिलंच नसतं तर? तर मामाचा दुसरा डोळाही गेला असता. पण आता सांगायचं तरी कसं? सांगितलं तर मामाची शिट्टी जाणार, न सांगितलं तर सुतारांची भाकरी. आणि निशाण काय असतं ते ज्याने तिला दाखवलं, त्याच्यावरच बोट रोखायचं होतं. पहाटे तिने ठरवलं की मामा बोलला नाही, तर आपण बोलायचं. ठरवून तिला जराही हलकं वाटलं नाही.

शनिवारी सगळे शेडमध्ये जमले. साहेब खुर्चीवर, शिपाई रांगेत, सुतार एका खांबाशी, टोपी हातात घेऊन. साहेबांनी आधी तुलनेचं विचारलं. मिस्त्रीणबाई उभी राहिली. जवळच्या अंतरावर बहुतेकांना ठिपक्याने लवकर जमतं, असं तिने सांगितलं. काहींना नाही जमत, त्यांना लोखंडीच बरी. बॅटरी दगा देऊ शकते, म्हणून लोखंडी साइट काढून टाकू नये. “पण कुठलीही द्यायच्या आधी...” ती बोलता बोलता अडली. तिने मामाकडे पाहिलं. तो समोर बघत होता. “आधी ज्याचे त्याचे डोळे तपासावेत, साहेब. सगळ्यांचे.”

“सगळ्यांचे?” साहेबांनी विचारलं.

आता बोलायचं होतं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात वस्ताद उठले.

“सुतार,” ते म्हणाले, “जरा मैदानात चला. त्या दिवशी जिथे होतात तिथे जाऊन उभे राहा.”

कुणाला काही कळेना. सुतारांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. सुतार डाव्या कडेने बांधालगत चालत गेले, अर्ध्या वाटेवर थांबले आणि नियमाप्रमाणे त्यांनी हात वर केला. वस्ताद आपल्या रोजच्या जागी जाऊन उभे राहिले. रोजच्यासारखी मान जरा डावीकडे, जरा उजवीकडे फिरवली. आणि रोजच्याच खणखणीत आवाजात म्हणाले, “मैदान मोकळं!”

रांगेतून कुणीतरी श्वास ओढला. सगळ्यांना सुतार ढळढळीत दिसत होते.

“ऐकलंत?” वस्ताद म्हणाले. आवाज आता तसा खणखणीत राहिला नव्हता. “मला असंच दिसतं. डावा डोळा गेलाय माझा. मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नसल्याने त्यांचा जीव वाचला नसता. ते हात वर करूनच उभे होते. खोटं मी बोललो, साहेब. जाणूनबुजून नाही, पण बोललो.”

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली. साहेब पुढे होईपर्यंत ती भाचीच्या हातात आली होती. तिची दोरी घामाने ओली होती. मिस्त्रीणबाईला भर मैदानात रडू फुटलं, आणि तिने ते आवरलं नाही.

घाईरावसुद्धा उभ्या जागी खिळला होता. मग बांधाकडून आवाज आला.

“वस्ताद! हात खाली घेऊ का आता?”

वस्ताद डावीकडे वळले. आधी मान, मग खांदे, मग अख्खं अंग, थेट समोर सुतार दिसेपर्यंत. बराच वेळ बघत राहिले.

“घ्या,” ते म्हणाले. “दिसलात.”